पालथा पेला

हगवण. शब्द आधीच लिहून टाकते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांचं आत्ताच मुरडून होईल. रक्तदाब, मधुमेह, अगदी मूळव्याधसुद्धा, यांच्याबद्दल लोक ओटीवर बसून तासन्‌तास बोलतात. हगवणीचं नाव निघालं की आवाज खाली जातो. "जरा पोट बिघडलंय" म्हणायचं आणि दार लोटून घ्यायचं. दाराआड माणूस सुकत जातो आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, रत्नागिरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी बाई आहे. नवरा बोटीवर असतो, त्यामुळे वर्षातले बरेच महिने घरात मीच बाई आणि मीच बुवा. हा आजार एकदा माझ्या अंगावर आला आणि एकदा माझ्या मुलीच्या. दोन्ही वेळा मला आजाराइतकाच आपल्या लोकांचा राग आला. तो राग अजून उतरलेला नाही आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

तहान

आधी माझं सांगते. पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या आवारातल्या विहिरीत रस्त्यावरचं लाल पाणी उतरलं होतं. गाळून घेतलं की झालं, असं सगळेच समजत होते. मीही समजत होते. माझी शुभा तेव्हा अगदी तान्ही, अंगावर पिणारी.

पहाटे सुरू झालं ते थांबेचना. लहानपणापासून ऐकलं होतं, हगवण लागली की पाणी तोडायचं. पोटाला विश्रांती द्यायची. कुणी सांगायची गरजच पडली नाही, मी आपणहून घोटभर पाणीही घेतलं नाही. दुपारपर्यंत मोरीपाशीच बसून होते, कारण उठून परत यायचं बळ नव्हतं. पोटऱ्यांत गोळे आले. शेजारणीला हाक मारायला गेले तर आवाज फुटेना.

तहान म्हणजे घसा कोरडा पडणं, असं मला वाटायचं. तसं नसतं. जीभ लाकडाची होते, डोळे आत ओढले जातात आणि जगात पाण्याखेरीज काही आहे हेच आठवत नाही. माझी मुलगी पलीकडे रडत होती, मला ऐकू येत होतं, आणि मला तिचं काही वाटत नव्हतं. मला पाणी हवं होतं. आई असून असं होतं, हे लिहिताना मला लाज वाटत नाही. तहानेत जे होतं ते सांगितलं पाहिजे.

शुभाचं रडणं ऐकून शेजारीण आली, शुभाला तिनं आपल्या घरी ठेवलं आणि मला रिक्षात घालून इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी माझ्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली, शिळ्या दुधाच्या सायीसारखी.

"पाणी कुणी बंद केलं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. कुणी नाही, असं म्हणायचं होतं.

"बाई, या आजारानं माणूस मरत नाही," ते चिडून म्हणाले. "पाणी संपल्यानं मरतो."

सलाईनच्या बाटल्या लागल्या. त्या वॉर्डात सकाळ म्हणजे बादल्यांचा खणखणाट, मग फिनेलचा वास, मग पावाबरोबर गार चहा. कॉटच्या खालीच भांडं असायचं आणि मध्ये पडदा नाही. पहिल्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून रडले. शेजारच्या कॉटवर एक दर्यावर्दी घरातली जाडजूड बाई होती, तिचीही हीच गत. ती म्हणाली, "कुणाला लाजतंस गो? हितं सगळ्या त्याच कामाला आलेल्या." मी हसले, आणि हसता येतंय म्हणजे मी मरत नाही हे मला तेव्हा कळलं.

बरं वाटू लागल्यावर सिस्टरनं पाण्यात पूड मिसळून दिली. जलसंजीवनी. पूड नसेल तर घरीही होतं, म्हणाल्या. उकळून गार केलेलं पेलाभर पाणी, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. दोन बोटांची चिमूट, तीन बोटांची नव्हे. चाखून बघायचं. डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट लागलं तर बरोबर, त्याहून खारट झालं तर ओतून द्यायचं आणि पुन्हा करायचं. मी ते तोंडपाठ केलं. मला वाटलं, घरी जाऊन चार जणींना सांगितलं की काम झालं. लोक ऐकतात अशी माझी तेव्हा समजूत होती.

माहेर

पुढच्या मे महिन्यात शुभाला घेऊन माहेरी गेले. आमची वाडी पालीपासून आत, डोंगराच्या अंगाला. पालीला एस.टी. सोडायची आणि पुढे चालायचं. बाबा आणि भाऊ मुंबईला, त्यामुळे घरी आई एकटीच. शुभा वर्षाची होत आलेली, भिंत धरून उभी राहणारी. पाणी हवं असलं की "मम" म्हणायची. भूक लागली तरी "मम"च, पण पाण्याचं "मम" जरा लांब असायचं.

आमच्या वाडीत एक रीत आहे. ज्या पोराला हगवण लागते, त्याचा पाण्याचा पेला फळीवर पालथा घालून ठेवतात. घरात येणाजाणाऱ्यानं चुकून पाणी पाजू नये म्हणून. पोर बरं झालं की पेला सुलटा करतात, त्यात पाणी भरतात आणि तुळशीला घालतात. आमच्या फळीवर एक छोटा पितळी पेला मी कळत्या वयापासून पालथाच बघत आले होते. काळा पडलेला. लहानपणी भातुकलीला घ्यायला गेले तर आईनं हातावर फटका मारला होता. पुन्हा मी त्याच्या वाटेला गेले नाही.

शुभाला कशानं झालं कोण जाणे. आई म्हणाली फणसाचा गरा, शेजारची वत्सलाकाकी म्हणाली दृष्ट. मला वाटतं आटत आलेल्या विहिरीचं पाणी. पण पाणी पांढरं, हिरवं, वास मारणारं होऊन तिच्यातून वाहून जात होतं, एवढं खरं. सकाळी उठून बघते तर शुभाचा स्टीलचा पेला फळीवर पालथा, त्या काळ्या पितळी पेल्याच्या शेजारी.

"माले," आई म्हणाली, "आता हिला पानी नको हां. अंगावरचा पन तोड. पोटात कायच नसला म्हंजे हगवन आपसूक थांबंल."

"आये, पाणी तोडून मी मरायला टेकले होते. डॉक्टरांनी सांगितलंय..."

"तू मोठी घोडी. ही टीचभर पोर. वरनं घालशील तवढा खालनं जाईल."

"खालून जातंय म्हणूनच वरून घालायचं. हंडा गळला तर तू पाणी भरायचं थांबवतेस का?"

"गळला तर मी हंडा कासाराकडं देते," आई म्हणाली. "भरीत नाय बसत."

वादात आईला हरवणं मला कधीच जमलेलं नाही. मी फळीवरचा पेला उचलला, सुलटा केला आणि पाणी उकळायला ठेवलं. पाणी गार होईपर्यंत आईनं तो परत पालथा घातला. मी पुन्हा सुलटा केला. पेला तेवढा वर-खाली होत राहिला. बाहेरच्या माणसानं बघितलं असतं तर म्हणाला असता, या मायलेकी खेळतायत.

शेवटी मी पेला कमरेला खोचला आणि मांडीवर शुभाला घेऊन बसले. दोन बोटांचं मीठ, डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट, असं मोठ्यानं घोकत साखर-मिठाचं पाणी केलं, चाखलं, चमच्यानं पाजू लागले. एक चमचा, जरा थांबायचं, दुसरा चमचा. मधूनमधून अंगावर घ्यायचं. ती घटाघटा मागत होती, चमचा चावत होती. तरी मी घाई केली नाही. पण इस्पितळातून तोंडपाठ करून आणलेल्या गोष्टींत एक गोष्ट राहून गेली होती. पाणी पीत असतानाही पोर ओकू शकतं. ती भडाभडा ओकली, माझ्या लुगड्यावर, अंथरुणावर, सगळीकडे.

"बग," आई म्हणाली. "बग तुझा पानी."

त्या क्षणी मी घाबरले. खोटं कशाला सांगू? आईचं बरोबर असेल तर? डॉक्टरनं मला वाचवलं, पण मी मोठी होते, सलाईन होतं, शहर होतं. इथे मी एकटी आणि मांडीवर एक वर्षाचं पोर. तिचे डोळे खोल गेले होते. डोक्यावरची टाळू खाली बसली होती, बोट टेकलं तर खळगा लागत होता. आई तिथे कोमट तेल थोपटत होती. टाळू भरली की पोर उठतं, हा तिचा विश्वास. टाळू तेलानं भरत नाही, आये, ती आतून पाण्यानं भरते. हे मी मनात म्हणाले. मोठ्यानं बोलायला माझ्याकडे थुंकी नव्हती.

मी शुभाचं तोंड पुसलं. थोडी थांबले. मग पुन्हा चमचा घेतला, आधीपेक्षा सावकाश. मनाशी एक ठरवलं. पोर अजून डोळे उघडून माझ्याकडे बघतंय, चमचा ओठाला लावला की गिळतंय, तोवर मी पाजत राहणार. पण सकाळपासून लघवी झालेली नव्हती. पालीहून दुपारची रत्नागिरीची एस.टी. असते. ती गाठायला निघायच्या वेळेपर्यंत लघवी झाली नाही, किंवा तिनं मान टाकली, तर वाटेत पाजत पाजत तिला इस्पितळात न्यायचं. मग आई आडवी पडली तरी तिला ओलांडून जायचं.

बिब्बा

तेवढ्यात वत्सलाकाकी आली. वाईट बाई नाही. वाडीत कुणाच्याही अडीनडीला आधी तीच धावते, बाळंतपण असो की मयत. त्या दिवशी ती हातात बिब्बा आणि दाभण घेऊन धावत आली होती. बिब्बा दाभणाला टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की पोराच्या पोटावर डाग द्यायचे. वाडीतल्या निम्म्या पोरांच्या पोटावर काकीचे डाग आहेत आणि ती पोरं मोठी होऊन मुंबईला नोकऱ्या करतायत, हा तिचा पुरावा.

"चार ठिपके देतंय," ती म्हणाली. "पोर जराशी रडंल, मंग बग कशी उठून बसतंय ती."

"काकी," मी म्हणाले, "माझ्या मुलीला हात लावलात तर तो बिब्बा तुमच्याच पोटावर टेकवीन."

मोठ्या माणसांशी मी आयुष्यात असं बोलले नव्हते. काकी आईकडे वळली. "ऐकतंस का गो वयनी, तुझी शिकलेली पोर काय बोलतंय ती? धर तिचे हात."

आई उठली. मला वाटलं, आता खरंच धरते. मी शुभाला पोटाशी घट्ट धरलं. आई माझ्यावरून पुढे गेली आणि तिनं काकीचं मनगट धरलं.

"नको, वत्सले."

"अगो पन..."

"दत्तूला दिला व्हतास," आई म्हणाली. "काय झाला त्याचा?"

दत्तू माझा भाऊ. माझ्या आधीचा. तो लहानपणीच गेला, एवढंच मला माहीत होतं. कशानं गेला हे घरात कुणी कधी बोललं नाही आणि आपल्याकडे असं विचारत नाहीत. काकी बिब्बा पदराआड घेऊन निघून गेली.

आई भिंतीला टेकून खाली बसली. बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, फळीकडे बघत होती. तो काळा पेला दत्तूचा. असाच उन्हाळा होता, अशीच हगवण. तिच्या सासूनं पेला पालथा घातला आणि तिनं तो पाळला. "मम मम करीत ऱ्हायला," आई म्हणाली. "माज्या तोंडाकडं बगून. मी पदराचा बोळा तोंडात घालून बसले. वाटला, आजचा दिस निभावला की सकाळी पायजे तवढा पाजीन. मंग मागायचा थांबला. मला बरा वाटला. म्हटला, तहान भागली वाटता."

तिला रडू येत नव्हतं. मला येत होतं, तरी माझा चमचा चालूच होता.

"माले, खरा सांग. तवा पानी दिला असता तर ऱ्हायला असता तो?"

मला खोटं बोलता आलं असतं. देवाच्या मनात होतं, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. सगळे तेच म्हणतात. पण ज्या बाईनं आत्ताच माझ्या मुलीचं पोट वाचवलं, तिला मी खोटं देणार नव्हते.

"बहुतेक राहिला असता, आये."

मी शुभाला आणखी एक चमचा पाजला.

"पण तू नाही मारलंस त्याला. तुला कुणी सांगितलं नाही. ज्यांना माहीत होतं त्यांनी डोंगर चढून इथपर्यंत येऊन सांगायला हवं होतं. ते आले नाहीत. तू तुझ्या सासूवर विश्वास ठेवलास. कुणावर ठेवणार होतीस?"

आई उठली आणि मागच्या दारानं परसात निघून गेली. मी थांबवलं नाही. माझ्या मांडीवर पोर होतं.

कमरेवरची ऊब

उन्हं छपराच्या कडेला आली. एस.टी.ला निघायची वेळ झाली. लघवी नाही. शुभा चमचे गिळत होती, पण मलूल होती. मी लंगोट बदलला, तिला दुपट्यात गुंडाळलं, बाटलीत पाणी भरलं, चमचा पदराला बांधला आणि तिला कमरेवर घेऊन अंगणात उतरले. मनात आईवर, काकीवर, पालीच्या लांबलेल्या वाटेवर, बोटीवर बसलेल्या नवऱ्यावर, सगळ्यांवर राग होता. राग नसता तर माझे पाय उचललेच नसते.

आणि कमरेवर ऊब पसरली.

मला वाटलं पुन्हा जुलाब. दुपटं सोडलं. लंगोट ओला, नुसता ओला, पिवळसर, डाग नाही. मी नाकाला लावून बघितला. कुणाला किळस येत असेल तर येऊ दे. त्या वासाइतका चांगला वास मी जन्मात घेतलेला नाही.

"मुतली!" मी ओरडले. "आये, मुतली गो! मुतली!"

वाडीभर आवाज गेला. काकी तिच्या दारात आली. समोरच्या घरातला म्हातारा खोकायचा थांबला. मी अंगणाच्या मधोमध तो ओला लंगोट निशाणासारखा हातात धरून उभी होते आणि रडत होते. लाज मी इस्पितळाच्या वॉर्डातच सोडून आले होते, ते आता चांगलं उपयोगी पडलं.

एस.टी. त्या दिवशी माझ्याशिवाय गेली. हगवण लगेच थांबली नाही, हे मुद्दाम सांगते, कारण बायका इथेच धीर सोडतात. पाण्यानं हगवण थांबत नसते, तिची ती थांबते. पाण्यानं पोर टिकतं. पाण्याबरोबर मऊ भात, पेज, केळं, अंगावरचं दूध, जे खाईल ते द्यायचं. मोठ्या माणसालाही हेच. बाप्ये लोक "मला काय होतंय" म्हणून नुसत्या चहावर राहतात, त्यांना पेज पाजा. शौचात रक्त दिसलं, पोर पाणी गिळेना, मान टाकली, लघवी बंद झाली, तर मात्र घरात बसून राहू नका. आणि जाताना वाटेतही पाजत जा. मला शहाणी म्हणा, आगाऊ म्हणा, वाडीत दोन्ही म्हणून झालं आहे.

आता शुभा बालवाडीत जाते आणि कुणाच्याही घरी जाऊन पाणी मागते. पण त्या दिवसाचं थोडं सांगायचं राहिलं.

मी अंगणातून आत आले तेव्हा आई चुलीपाशी होती. पेजेचं भांडं उतरवलेलं. तिच्या हातात पितळी पेला होता. मी आधी ओळखलाच नाही, कारण तो पिवळाधमक होता. परसात जाऊन तिनं तो चिंच आणि राख लावून घासला होता, बोटं लाल होईपर्यंत. तिनं पेजेची निवळ त्यात ओतली. मिठाच्या मडक्यात दोन बोटं घातली. तीन नव्हे, दोन. माझं सगळं ऐकत होती तर. ढवळलं, आणि करंगळी बुडवून जिभेला लावली.

"आये, दे, मी चाखते," मी म्हणाले. "जास्त झालं तर..."

"डोळ्यातल्या पान्याइतका पायजे ना?" आई म्हणाली. "तेवढाच झालाय. त्याची चव मला नको शिकवू."

तिनं शुभाला माझ्याकडून घेतलं, मांडीवर बसवलं आणि दत्तूचा पेला तिच्या ओठाला लावला. शुभानं दोन्ही हातांनी पेला धरला, प्यायली, श्वास घेतला, पुन्हा प्यायली. पेला रिकामा झाला तशी तिनं आईच्या तोंडाकडे बघितलं.

"मम," ती म्हणाली.

"हो गो माज्या बाय," आई म्हणाली, आणि पेला पुन्हा भरला.